बुलेटला सलाम, स्प्लेंडरला का नाही?

समोरून बुलेट आली की माझा हात आपोआप उठायचा. दूधवाल्याच्या स्प्लेंडरसाठी कधीच नाही. एकदा वरोऱ्याजवळ खडीवर घसरलो, तेव्हा थांबला तो स्प्लेंडरवालाच. त्याने मला ओढलं नाही, हेल्मेट उपटलं नाही. आधी १०८ ला फोन केला.

तुम्हीही तेच करा. श्वास नीट चालू असेल, तर जखमीला विनाकारण हलवू नका; मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे.

आणि उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर, पुढचा ब्रेक असतो. तो सोडू नका. नुसती मान हलवा. मी आता सगळ्यांनाच हलवतो.