मोत्याची संमति

कुत्रें पाळणारांच्या घरीं वर्षांतून एकदां तरी असा दिवस उगवतो, कीं त्या दिवशीं शहाणींसुरतीं माणसें चोरासारखीं वागूं लागतात. कोणी हळूच दार लावून घेतो, कोणी पाठीमागें पट्टा लपवून उभा राहतो, आणि कोणी आवाजांत खोटा गोडवा आणून "चल मोत्या, फिरायला!" असें म्हणतो. त्या दिवशीं मोत्याला लस टोंचावयाची असते. आमच्या घरीं हा खोटा गोडवा आणण्याचें काम आमच्याकडे होतें, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

मोत्या जातिवंत वगैरे कोणी नव्हे. पावसाळ्यांत जिन्याखालीं सांपडलेलें तें गांवठी पिल्लूं. मातोश्रींच्या सोवळ्यामुळें त्याची हद्द माजघराच्या उंबऱ्यापर्यंत ठरली, आणि ती त्यानें आजवर एकदांही ओलांडली नाहीं. असा हा आज्ञाधारक प्राणी दवाखान्याच्या पायरीशीं मात्र निराळाच होई. गेल्या वर्षीं तेथें त्याला चौघांनीं मेजावर दाबून धरलें. एकानें मान, दोघांनीं पाय, आणि आम्हीं तोंड. लस टोंचली, कान तपासले, नखें कापलीं. सारा कारभार पांच मिनिटांत उरकला. परंतु भीतीनें मोत्यानें मेज ओलें केलें होतें, आणि खालीं उतरल्यावर आमच्याकडे न पाहतां तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "झालें रे, कांहीं होत नाहीं," असें आम्ही हंसून म्हणालों.

परंतु व्हावयाचें तें झालेंच होतें. पट्टा दिसतांच उड्या मारणारा मोत्या आतां पट्टा पाहून पलंगाखालीं शिरूं लागला. पुढें पावसाळ्यांत त्याचा कान चिघळला. औषधाचे थेंब घालण्यास आम्ही गेलों, तेव्हां त्यानें आमचें मनगट दांतांत धरलें, आणि क्षणभरानें सोडून दिलें. रक्त आलें नाहीं. तो चावा नव्हता, सूचना होती. पण घरांत लहान मुलें आहेत. धाकटे बंधू त्या रात्रीं स्पष्टच म्हणाले, "दादा, आज तुमचें मनगट होतें, उद्यां चिमीचा हात असला तर?" मोत्याला दुसरीकडे पाठविण्याची गोष्ट त्या रात्रीं प्रथमच निघाली.

तेव्हां मोत्याची बाजू घेतली ती, आश्चर्य म्हणजे, मातोश्रींनीं. त्या म्हणाल्या, "महाभारत उघडून पहा. आदिपर्वांत जनमेजयाच्या भावांनीं सरमेच्या पिल्लाला कांहीं अपराध नसतां मारलें, तेव्हां तिनें काय शाप दिला? ध्यानींमनीं नसतां तुमच्यावर भय येईल म्हणून. तुम्ही चौघांनीं त्याला धरलेंत, त्याचा अपराध काय होता?" यावर बंधूंपाशीं उत्तर नव्हतें, आमच्यापाशीं तर मुळींच नव्हतें.

मग एका डॉक्टरबाईंना आम्हीं घरीं बोलावलें. त्या आल्या त्या मोत्याकडे न जातां दूर जमिनीवर बसल्या, आणि पाव तास नुसत्या पाहत राहिल्या. "तो वारंवार ओठ चाटतो आहे, जांभया देतो आहे, मान वळवून डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दाखवितो आहे. हा आळस नव्हे, ही भीति आहे. या खुणा कोणी वाचल्या नाहींत, तर तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल रागावलांत, तर पुढच्या वेळीं न गुरगुरतां चावतो. धरणारे हात वाढवूं नका, कमी करा," असें त्यांनीं सांगितलें. दुखऱ्या कानावर शिकवणी सुरूं करूं नये, म्हणून आधीं त्यांनीं मोत्याला गुंगीचें औषध देऊन कान साफ केला व बरा होऊं दिला. भित्र्या जनावराला तपासणीपूर्वीं घरींच शामक गोळी देणें यांत कमीपणा नाहीं. मात्र ती पशुवैद्यानेंच ठरवावी, माणसांच्या डब्यांतील कोणतीहि गोळी देऊं नये, हेंहि त्यांनीं बजावलें.

त्यांची रीत ऐकावयास सोपी होती. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण सर्वांनीं शाळेंत वाचली आहे. अन्नापूर्वीं नित्य एकच खूण मिळाली, कीं पुढें नुसत्या खुणेनेंच लाळ सुटते. मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या मुलाची भीति याच तत्त्वानें घालविली. मूल आवडीचें खात असतां ससा थोडथोडा जवळ आणीत गेलें, इतकेंच. मात्र क्रम चुकतां कामा नये. स्पर्श आधीं, घांस मागून. आम्ही नेमके उलट करीत होतों. आधीं खाऊ दाखवून फसवीत होतों आणि मागून धरीत होतों. त्यामुळें मोत्याला खाऊचीच धास्ती बसली होती.

ही शिकवणी दहा वर्षांच्या चिमीनें अंगावर घेतली व एक वही घातली. पहिल्या दिवशीं थेंबांची बाटली नुसती दाखवावयाची, आणि एक तुकडा द्यावयाचा. चौथ्या दिवशीं कानाला एक क्षण बोट. मोत्यानें मान वळविली, कीं एक पायरी मागें यावयाचें. मातोश्री मनुका द्यावयास निघाल्या, तेव्हां चिमीनेंच त्यांना थांबविलें. द्राक्षें, मनुका, कांदा व चॉकलेट हीं कुत्र्यांना विषारी, असें वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें होतें. मग घरच्या पनीराचे हरभऱ्याएवढे तुकडे ठरले, आणि ते कापण्याचें काम मातोश्रींनीं मागून घेतलें.

या सर्वांत आम्हांला नवल वाटलें तें हनुवटीचें. खुर्चीवर घडी करून टॉवेल ठेवावयाचा, आणि मोत्याला त्यावर हनुवटी टेकण्यास शिकवावयाचें. हनुवटी टेकलेली असेपर्यंत आपण कान पहावा, नख कापावें. ती उचलली, कीं त्या क्षणीं हात थांबवावा. आम्हीं विचारलें, "मग तो उचलूनच धरील, काम कसें व्हावयाचें?" बाई म्हणाल्या, "करून पहा." पहिल्या आठवड्यांत त्यानें ती वारंवार उचलली, आणि प्रत्येक वेळीं आम्ही खरेंच थांबतों कीं नाहीं, हें पाहिलें. खात्री पटल्यावर उचलणें आपोआप कमी झालें. नाहीं म्हणण्याची मोकळीक मिळाली, म्हणून त्याला नाहीं म्हणण्याचें कारण उरलें नाहीं. त्याचीं नखें काळीं आहेत. काळ्या नखांत आंतली रक्ताची शीर दिसत नाहीं, म्हणून रोज एका नखाचें टोंक तेवढें कापीत गेलों.

जाळीचें मुसकेंहि त्याला असेंच शिकविलें. आंत दहीं लावून ठेवावें, त्यानें होऊन तोंड घालावें. तोंड आवळून बांधणारी पट्टी फार वेळ ठेवूं नये, कारण कुत्रें धापा टाकूनच अंग थंड करतें. जाळीच्या मुसक्यांत तोंड उघडतां येतें. अधूनमधून दवाखान्यांत जाऊन नुसतें वजन करून परत यावयाचें, असाहि एक पाठ होता.

रेबीजची लस भीतीपायीं टाळतां येत नाहीं. पाश्चरनें १८८५ सालीं मनुष्यावर या लशीचा पहिला यशस्वी प्रयोग केला, तरी लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग आजहि जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. म्हणून नेमलेल्या दिवशीं आम्ही निघालों. यंदा "दवाखान्यांत जावयाचें" असें त्याला उघड सांगून. तो पायरीवर थोडा थरथरला. मेजावर नव्हे, जमिनीवरच टॉवेल घातला. त्यानें हनुवटी टेकली, कान पाहतांना एकदां उचलली. बाईंनीं हात मागें घेतला. आम्ही श्वास रोधून होतों. चार-पांच क्षण गेले, आणि मोत्यानें आपण होऊन हनुवटी पुन्हां टेकली. चिमीच्या हातचें दहीं चाटीत असतां सुई केव्हां गेली, तें कळलें देखील नाहीं.

घरीं येऊन आम्हीं हा विजय मातोश्रींना रंगवून सांगितला. त्यांना कित्येक वर्षांचा मधुमेह आहे, आणि त्यांची इन्सुलिनची सुई रोज आम्हींच टोंचतों. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "फार चांगलें केलेंस. पण कुत्र्याला विचारतोस, मला कधीं विचारलेंस रे? कचेरीच्या घाईंत येतोस, 'कांहीं होत नाहीं' म्हणतोस, आणि टोंचून मोकळा होतोस." त्या हंसत होत्या, आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुई हातांत घेऊन आम्ही त्यांच्याजवळ बसलों, आणि प्रथमच विचारलें, "आई, टोंचूं?" त्या म्हणाल्या, "थांब, एवढा श्लोक संपूं दे." आम्ही थांबलों. श्लोक संपला, आणि त्यांनीं आपण होऊन दंड पुढें केला. उंबऱ्यापलीकडे मोत्या आपल्या टॉवेलावर हनुवटी टेकून पाहत होता.