टाकीला दार

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असे पाहुणे विचारतात. वारा पडला की मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, तेच बोटीला खडकांपासून दूर ठेवते.

अर्धवट भरलेल्या डिझेलच्या टाकीत दमट हवेचे पाणी होते. पाणी जड, ते तळाशी बसते. त्याच्या नि डिझेलच्या मध्ये जंतू वाढून काळा गाळ धरतो. बोट धक्क्याला असताना तो निपचित असतो. लाटा उसळल्या की ढवळून फिल्टर तुंबवतो आणि ऐन गरजेला इंजिन बंद पडते.

माझ्या बोटीच्या टाकीत हात घालायला वाटच नव्हती. ती पूर्ण उपसून, पुसून, वाफ जाऊ दिली. मग वरच्या पत्र्याला सहा इंची गोल भोक पाडले. करवतीच्या दात्यांना ग्रीस फासले. तरी आत पडलेला लोखंडाचा कीस लोहचुंबकाने टिपला. डिझेल हिंदकळू नये म्हणून टाकीत मधे पत्र्याची भिंत असते. त्यामुळे दोन्ही कप्प्यांना एकेक झाकण लागले. साधे रबर डिझेलने फुगते, म्हणून वायसर नायट्राइलचे.

तळातून निघालेला गाळ पाहून घरचे गप्प झाले. आता दरवर्षी टाकी घासायची आणि पावसाळ्यात बोट वर काढताना ती भरून ठेवायची, एवढेच काम उरले.