तार किती ताणावी?

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा वसतिगृहातील आठवणी लिहाव्यात असे प्रथम वाटले. त्यांपैकी एक आठवण गेल्या वर्षी निमगाव सावा येथे, ताईच्या घरी, एक मोटर जोडताना नव्याने समोर उभी राहिली. तीच लिहितो.

आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडदची रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा समूह. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, तेथील प्रदर्शनात शाळकरी मुलांचे प्रकल्प मांडले जातात. नववीतल्या भाचीने फिरत्या अँटेनाची प्रतिकृती करायचे ठरवले. मी आयटीआय झालेला वायरमन. म्हणून मदतीला मामा.

अँटेना मोजून फिरवायची, तर स्टेपर मोटर हवी. ती दर पावलाला १.८ अंश वळते. २०० पावलांत एक फेरा. पाच व्होल्टची छोटी मोटर तबकडीच्या भाराने अडली, म्हणून एक अँपिअरची नेमा १७ घेतली. आता ड्रायव्हर कोणता? घरी एल२९८ होता. पण तो प्रवाहाला मर्यादा घालत नाही. कमी रोधाच्या वेटोळ्याला त्यातून थेट १२ व्होल्ट दिले, तर मोटर भाजून निघेल. म्हणून ए४९८८ निवडला. ठरवलेल्या मर्यादेपाशी तो स्वतःच प्रवाह आवरतो. डीआरव्ही८८२५ अधिक प्रवाह सोसतो, पण आमची गरज तेवढी नव्हती.

मोटरच्या चार तारांतील दोन जोड्या मल्टिमीटरने शोधल्या. रीसेट आणि स्लीप ही टोके एकमेकांना जोडली. मोटरच्या पुरवठ्यालगत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. आर्डुइनो आणि ड्रायव्हर यांचे ग्राउंड एक केले. मग पाळी आली ड्रायव्हरवरच्या इवल्या स्क्रूची. आमच्या ड्रायव्हरवरील रोध ०.१ ओहमचे होते. त्या हिशेबाने संदर्भ व्होल्टता ०.८ ठेवली की प्रवाह एक अँपिअर. स्क्रू कमी फिरवला, तर मोटर थरथरे आणि पावले चुकवी. जास्त फिरवला, तर ड्रायव्हर तापून मध्येच थांबे.

तेव्हा भन्तेजींची गोष्ट आठवली. सायंकाळच्या वंदनेनंतर त्यांनी ती सांगितली होती. सोण नावाचा भिक्षू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करी. पूर्वी तो वीणा वाजवत असे, हे जाणून तथागतांनी त्याला विचारले, की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर वीणा वाजते का? आम्ही मुलांनी ती गोष्ट अभ्यास आणि झोप यांच्यापुरती घेतली होती.

एका संध्याकाळी मोटर अचानक बंद पडली. ड्रायव्हर जळाला होता. मी भाचीवर ओरडलो, "तूच काहीतरी उलटं जोडलंस!" तिने हात मागे घेतला आणि ती उठून गेली.

रात्री एकेक तार तपासली. तिची जोडणी अगदी आकृतीप्रमाणे होती. मग स्मरले: आस हाताने फिरवून पाहण्यासाठी मीच मोटरची पिन उपसली होती, तीही पुरवठा चालू असताना. वेटोळ्यातील प्रवाह असा एकाएकी तुटला, की व्होल्टतेचा जबर झटका बसतो आणि ड्रायव्हर जातो. हे मला ठाऊक होते. चूक माझी आणि दोष तिला.

झोप लागेना. वसतिगृहात येण्यापूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे "हात लावू नकोस" हे वाक्य पुष्कळदा ऐकले होते. आपल्या विद्यालयात प्रयोगशाळेचे कपाट प्रथम माझ्या हातांनी उघडले. आणि आज माझ्यामुळेच घरातल्या मुलीने यंत्रावरून हात काढून घेतला होता.

सकाळी ताईच्या देखत तिला म्हणालो, "चूक माझी होती. तुझी जोडणी बरोबर होती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, नवीन ड्रायव्हर मी जोडू का?"

पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन नवा ड्रायव्हर आणला. जोडणी सारी तिची. मी फक्त बटण बंद ठेवून बसलो. स्क्रू तिनेच ०.८ वर आणला आणि तबकडी संथपणे वळली.

प्रकल्प करणाऱ्या मुलांना एवढेच सांगेन: मोटर काढण्याआधी पुरवठा बंद करा. आणि आम्हा मोठ्यांसाठी: मुलावर बोट रोखण्याआधी आपले हात तपासा. वीणेची तार किती ताणावी, हे मला याच वास्तूत ऐकायला मिळाले. उमगायला मात्र वीस वर्षे आणि एक जळालेला ड्रायव्हर लागला.

सर्वांना सविनय जयभीम.