कोणत्या खोलीत किती आवाज?

वऱ्हाडात एप्रिल लागला की घरोघरी कूलर सुरू होतात आणि घरातल्या आवाजाचे सारे गणित बिघडते. पुढच्या खोलीत कूलर घरघरतो, म्हणून तिथे गाणी-बातम्या मोठ्याने लावाव्या लागतात. तोच आवाज स्वयंपाकघरात कानठळ्या बसवतो, आणि मधल्या खोलीत बारावीचे पुस्तक घेऊन बसलेली मुलगी दार लोटून घेते. मे महिन्यात दार लोटून बसणे काय असते, ते अमरावती-अकोल्याच्या माणसाला सांगायला नको.

आमचे घर अमरावतीत, तीन खोल्यांचे. एकच अॅम्प्लिफायर आणि प्रत्येक खोलीत एक स्पीकर, अशी सोय करायचे ठरले तेव्हा खरा प्रश्न बाबांचा होता. बाबांनी अकोल्याच्या जिनिंगमध्ये तीस वर्षे काढली. यंत्राच्या आवाजात सतत काम केलेल्या माणसाचे कान आधी बारीक, तीव्र सुरांना मुकतात, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ, थ ही अक्षरे त्याच पट्ट्यात येतात. म्हणून बाबा म्हणत, "आवाज त येते मले, पन काय बोलून राह्यले ते समजत नाही." घरात कुणीतरी आवाज कमी केला की ते काही बोलत नसत. नुसती मान हलवत. हळूहळू त्यांनी बातम्या विचारणेच सोडले. हे आम्हाला फार लागले.

(जाता जाता एक सांगतो. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतल्या आजारांत धरलेला होता, आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतही तो होता. पण जिनिंगच्या किती कामगारांना हे कुणी सांगितले असेल?)

तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतंत्र घुंडी हवी, हे पक्के झाले. आमच्या धाकट्याचे मत मोबाइलवर चालणाऱ्या बिनतारी स्पीकरांचे होते. वस्तू वाईट नाही. पण मोबाइल पोराच्या खिशात राहणार आणि पोरगा चौकात. मग बाबांनी आवाज कमी-जास्त करायला कुणाची वाट पाहायची? भिंतीवरची घुंडी खाटेवरून हात लांबवला की सापडते. आमच्या घरी निकाल तिथेच लागला.

घुंडी कोणती घ्यायची, हे मात्र अकोल्याच्या भाऊजींनी समजावले. ते वायरमन, मंडपाचा साउंडही लावतात. रेडिओच्या आत असते तसली साधी कार्बनची घुंडी स्पीकरच्या तारेत लावू नका, म्हणाले. ती अर्ध्या-पाव वॅटची, जळून जाते. दुसरा प्रकार एल-पॅड. यात अॅम्प्लिफायरवरचा भार सारखा राहतो, पण कमी केलेला आवाज उष्णता होऊन घुंडीतच जिरतो. "पंख्याचा जुना डब्बा रेग्युलेटर गरम होत होता नं, तसंच हे," भाऊजी म्हणाले. लहान खोली, लहान स्पीकर असेल तर एल-पॅड चालतो, मात्र त्यावर लिहिलेले वॅट स्पीकरच्या वॅटपेक्षा कमी नसावेत.

तिसरा प्रकार ऑटोट्रान्सफॉर्मरचा. तो दाब कमी करतो, उष्णता फारशी करत नाही, आणि टक-टक करत पायरीपायरीने फिरतो. बाबांना ही टकटक बोटांना कळते, हा आणखी एक फायदा. आम्ही हाच घेतला. तो साध्या बटणाच्या डब्यात मावत नाही, खोल डबा लागतो, तेव्हा भिंत फोडण्याआधी माप घ्यावे.

आता ओमचा हिशेब. ८ ओमचा एक स्पीकर ठीक. तसले तीन समांतर जोडले की भार २.७ ओमच्या खाली येतो. घरगुती अॅम्प्लिफायर बहुधा ४ ओमपर्यंतच सोसतो, त्याखाली तापतो आणि बंद पडतो. म्हणून 'इम्पिडन्स मॅचिंग' लिहिलेली घुंडी पाहावी. तिच्या पाठीमागे २, ४, ८ अशी खूण असलेली क्लिप असते. आम्ही तिन्ही घुंड्यांवर ४ ठेवले. प्रत्येक स्पीकर अॅम्प्लिफायरला ३२ ओमचा दिसतो, तिघे मिळून साडेदहाच्या वर. बदल्यात सर्वांत मोठा आवाज काहीसा उतरतो. घरात तेवढा लागतही नाही. सभागृहात, शाळेत १०० व्होल्टची लाइन असते. तिच्या घुंड्या निराळ्या, त्या घरी आणू नयेत. आणि स्पीकरची तार विजेच्या तारेच्या नळीतून मुळीच नेऊ नये.

बाबांच्या खोलीत आम्ही वॅट वाढवले नाहीत. स्पीकर खाटेजवळ आणला. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो. तेवढी वाढ वॅटमधून मिळवायची तर १० चे ४० वॅट करावे लागतात. खोलीत हा फायदा थोडा कमी होतो, पण भिंतीचा घुमारा कमी ऐकू येत असल्याने शब्द सुटा कळतो. कानाची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घेतली, ती वेगळी. स्पीकर हे काही श्रवणयंत्र नव्हे.

एक काम शेवटी करायचे असते. घुंडी आवाज फक्त कमी करते, वाढवत नाही. म्हणून कूलर चालू ठेवून पुढच्या खोलीची घुंडी पूर्ण उघडली, अॅम्प्लिफायर तिथे पुरेल एवढा वाढवला आणि त्याच्या बटणाशेजारी नखरंगाचा ठिपका दिला. त्यापुढे कुणी न्यायचे नाही. रात्री दहानंतर त्याच्याही खाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आमच्या भिंतीला लागून शेजारच्या वहिनींचे तान्हे लेकरू झोपते.

मुलगी तिची घुंडी परीक्षा होईपर्यंत शून्यावर ठेवते. बाबांची सातव्या पायरीवर असते, आणि सायंकाळच्या बातम्या संपल्या की आजकाल तेच आम्हाला विचारतात, "ऐकलं का बे, आज काय म्हनले ते?"