वेळ नव्हता, वगैरे

"काय रे, तबला काय म्हणतोय?"

गेल्या तीन-साडेतीन वर्षांत हा प्रश्न मला लग्नात, बारशाला, दिवाळीच्या फराळाला, लिफ्टमध्ये, म्हणजे जिथून जिथून पटकन पळता येत नाही तिथे तिथे विचारला गेलाय. माझं उत्तर तयार असायचं. "अहो, वेळच मिळत नाही हो." इतकं बिनतोड उत्तर दुसरं नाही. आयटीवाला म्हटल्यावर त्याला वेळ नसणार हे लोक गृहीतच धरतात. समोरचा सहानुभूतीने मान हलवतो, "हो ना, तुमचं ते यूएस टायमिंग" म्हणतो, आणि आपण गुलाबजामकडे वळायला मोकळे!

मग एका शनिवारी काय झालं, फोनने आपणहून आठवड्याचा हिशोब समोर ठेवला. रोजची सरासरी तीन तास चाळीस मिनिटं. यात ऑफिसचं काम शून्य. उगाचच कॅल्क्युलेटर उघडला आणि साडेतीन वर्षांनी गुणून पाहिलं. साडेचार हजार तासांच्या वर. एवढ्या वेळात माणूस विशारद काय, अलंकार होऊन वर पेटी शिकला असता.

म्हणजे वेळ नव्हता हे कारण बाद. मग खरं काय? ते शोधायला थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा साताऱ्याचा. तिसरीत असताना स्वयंपाकघरातले डबे, कपाटाची दारं आणि धाकट्या बहिणीचं डोकं यावर मी इतका ठोकायचो, की आईने वैतागून तबल्याच्या क्लासला घातलं. (संगीताची आवड वगैरे नंतरची गोष्ट.) प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत बारावीपर्यंत मध्यमा पूर्ण झालो. २०१५ साली इंजिनियरिंगला पुण्यात आलो आणि कुणीतरी सदाशिव पेठेतल्या सरांचा पत्ता दिला.

सरांकडे पहिल्या दिवशी मोठ्या टेचात एक चक्रदार वाजवून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "छान. आता 'धाधा तिट' वाजव." दिल्लीचा तो कायदा म्हणजे तबल्यातलं 'हॅलो वर्ल्ड'. प्रत्येकाने वाजवलेला असतो, आणि म्हणूनच तो वाजवताना माणूस उघडा पडतो. "धाधा तिट धाधा तिना, ताता तिट धाधा धिना." मी वाजवला. सर म्हणाले, "यातला 'तिट' मला ऐकू आला नाही." पुढचे तीन महिने आम्ही फक्त तो 'तिट' शोधत होतो! दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. बाहेरच्या खोलीत एक सतरंजी, भिंतीला टेकवून ठेवलेले पाच-सहा तबले, आणि काकूंचा सव्वासातचा चहा. सर मुखाने बोल म्हणायचे, मग वाजवायचे. त्यांचा डग्गा ऐकताना मला नेहमी वाटायचं, की हा माणूस डाव्या हाताने बोलतोय. मनगट नुसतं पुढे सरकवायचे आणि तो 'घे' असा काही वळून यायचा की पोटात खड्डा पडावा. मी तो कितीदा मोबाईलवर रेकॉर्ड करायचं ठरवलं. पुढच्या गुरुवारी करू म्हणून राहिलं.

२०१९ ला नोकरी लागली. हिंजवडी ते सदाशिव पेठ हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, पण तरीही गुरुवार सांभाळला. टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं, हा गुरुवारी साडेचारला पळतो.

मग मार्च २०२० आला आणि क्लास झूमवर गेला.

ऑनलाइन तबला हा काय प्रकार असतो हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रांची लय धरली तर एक मात्रा होते २५० मिलिसेकंदांची. आणि आवाज इकडून तिकडे जाऊन परत यायला नेट बरं असेल त्या दिवशीसुद्धा जवळपास तेवढाच वेळ लागायचा. म्हणजे मी समेवर 'धा' वाजवावा, तर सरांच्या टाळीचा आवाज मला ऐकू येणार पुढच्या मात्रेला. दोघांपैकी कोणीच चुकलेला नाही, आणि तरी दोघं दोन वेगळ्या आवर्तनांत! त्यात झूमला तबला म्हणजे मागचा गोंगाट वाटायचा. तो प्रामाणिकपणे डग्गा पुसून टाकायचा. सरांना दिसायचे फक्त माझे हलणारे हात. "तुझं चित्र चांगलं वाजतंय," असं एकदा ते म्हणाले होते.

तरीही दीड वर्षं ते रेटलं. गंमत म्हणजे मी सोडलं ते या अडचणीच्या काळात नाही. सोडलं ते सगळं सुरळीत झाल्यावर.

२०२१ च्या दिवाळीनंतर प्रत्यक्ष क्लास सुरू झाला. पहिले दोन गुरुवार गेलो. तिसऱ्या गुरुवारी एक रिलीज होतं. सरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "हरकत नाही, तो रेला घरी बसवून ठेव." त्या आठवड्यात रेला बसला नाही. रिलीजनंतर जे उपद्रव निघतात ते निघाले, रात्री दोन-दोन वाजत होते. रेला न बसवता सरांसमोर कसं बसायचं? म्हणून चौथ्या गुरुवारी 'बरं नाही' असा मेसेज टाकला. आता दोन आठवड्यांचा रियाज राहिला होता. मग ठरवलं, एक आठवडा नीट हात फिरवू आणि मग ताठ मानेने जाऊ. पण क्लास नसला की मी रियाज करत नाही, हे मला तिसरीपासून माहीत आहे. पाचवा गुरुवार मी काहीच न कळवता घालवला.

आमच्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस. पहिली म्हणते, दुसरीने तिचं आधी सोडलं तर मी पुढे सरकेन. दुसरी म्हणते, आधी पहिलीने. दोघी एकमेकींकडे बघत बसून राहतात. सिस्टिम क्रॅश होत नाही, लाल अक्षरात एररही येत नाही. नुसतं काहीच होत नाही. रियाज झाल्याशिवाय सरांकडे जाणार नाही, आणि सरांकडे गेल्याशिवाय रियाज होणार नाही. नोकरीत मी हा प्रकार दोनदा शोधून काढलाय, त्याबद्दल एकदा मेलवर कौतुकही झालंय. घरचा दिसला नाही.

पुढची कारणं मग आपोआप गोळा होत गेली. बावधनला नवीन फ्लॅट घेतला, तिथे भिंती पातळ. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा अत्यंत नम्रपणे विचारलं, "काही फर्निचरचं काम काढलंय का?" मग मनगट दुखायला लागलं (ते माऊसमुळे, पण कारण म्हणून चालून गेलं). तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर गेला. क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर कोणी काही टाकलं की पोटात गोळा यायचा. एक दिवस तो ग्रुप अर्काइव्ह करून टाकला. 'सोडला' नाही हं, फक्त नजरेआड. मी तबला सोडलाय असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान सरांना सांगायला तरी जावं लागलं असतं.

बोटं मात्र चालूच होती. स्टँडअपमध्ये कोणी लांबण लावली की टेबलावर तिरकिट. सिग्नलला स्टिअरिंगवर तिरकिट. बायको म्हणते झोपेतसुद्धा.

२०२३ च्या डिसेंबरात मित्राने ओढत सवाईला नेलं, मुकुंदनगरला. मध्यंतरात चहाच्या रांगेत पाहतो तर दहा-बारा माणसं सोडून पुढे सर. स्वेटर, मफलर, उजव्या हातात कागदी कप, डावा हात स्वेटरच्या खिशात. पुण्यात त्या दिवशी चांगलीच थंडी होती. मी काय केलं असेल? मी रांग सोडली. अठ्ठावीस वर्षांचा होत आलेला, होम लोन असलेला, दोन ज्युनियर हाताखाली असलेला माणूस एका खांबाआड जाऊन उभा राहिला, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. चहा न पिताच आत गेलो. मित्राला सांगितलं, रांग फार होती.

मग २०२४ चा १५ डिसेंबर. रविवार. संध्याकाळपासून झाकीरभाई गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या. मग आलं, नाही नाही, गेलेले नाहीत, प्रार्थना करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की खरंच गेले, सॅन फ्रान्सिस्कोला. ७३ वय. ज्यांनी आयुष्यात तीनताल ऐकला नाही अशांच्याही स्टेटसवर ते कुरळे केस. दुपारी आईचा फोन आला. थोडा वेळ त्यांच्याबद्दल बोलली आणि मग म्हणाली, "तू आज तरी बसलास का रे?" नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. आईला नाही देता आलं.

त्या रात्री माळ्यावरून गवसणी काढली. शिडीवर उभा राहूनच चेन उघडली. तीन पावसाळे खाल्लेल्या पुडीचं काय होतं ते पाहिलं नसेल तर पाहू नका. चाटीवर पांढरी बुरशी, कातडं सैल, आणि शाईचे पापुद्रे सुटलेले. ती मधली काळी शाई म्हणजे नुसती शोभा नव्हे हो. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर घोटून ती बसवतात, आणि तिच्यामुळेच तबल्याला सूर आहे. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी न जुळणारे असतात. शाईच्या वजनामुळे ते जुळतात. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. मी हे इंजिनियरिंगला असताना वाचून सरांना ऐकवलं होतं आणि सर म्हणाले होते, "रामनसाहेबांना म्हणावं, बरोबर आहे." तर अशी ती शाई. बोट लावलं तर थप्प असा आवाज आला. पुठ्ठ्यासारखा.

आता खरं तर इथे मी दुसऱ्याच दिवशी तबला दुरुस्तीला टाकला असं लिहायला पाहिजे. पण टाकला पाचव्या महिन्यात. आधी अप्रेझल होतं, मग मार्चएंड. मे महिन्यात बुधवार पेठेतल्या कारागिराने पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुणी वारलं होतं का घरात?" नवी पुडी चढवायला त्याने आठ दिवस घेतले.

२०२५ च्या जूनमधला पहिला गुरुवार. सहाला पाच कमी असताना सरांच्या दारात. रियाज झालेला नव्हता. मुद्दामच करून गेलो नाही. एक बाजू कुणीतरी सोडायला हवी होती. भाषण मात्र पाठ करून गेलो होतो, प्रोजेक्ट, फ्लॅट, मनगट या क्रमाने. काकूंनी दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, सातारा आलाय."

सर सतरंजीवर नव्हते, खुर्चीत होते. डावा हात मांडीवर ठेवलेला, बोटं किंचित वळलेली. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. "अरे, गणपतीत झालं ते, दोन वर्षं होतील आता. झटका सौम्य होता. चालतो, बोलतो, सगळं करतो. हा तेवढा ऐकत नाही." आणि डाव्या हाताकडे, एखाद्या न सुधारणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं.

माझं पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. मी नुसतं "सर, मी..." म्हणालो.

"बस आधी. काय वाजवणार?"

"काहीच तयार नाही, सर."

"मग धाधा तिट."

त्यांनी उजव्या हाताने मांडीवर ताल धरला आणि बोल म्हणायला सुरुवात केली. वाजवायला आता ते नाहीत, पढंत मात्र तशीच आहे, एकेक अक्षर सुटं. मी बरोबरीत वाजवला. दुप्पट करायला गेलो आणि तिसऱ्या आवर्तनात अक्षरशः सांडलो. सरांनी टाळी थांबवली नाही. परत समेवर आले आणि भुवईने खूण केली, घे. सव्वासातला चहा आला.

घरी येऊन तो अर्काइव्ह केलेला ग्रुप उघडला आणि मागे मागे जात राहिलो. सप्टेंबर २०२३. "सरांना काल रात्री ॲडमिट केलंय, रात्री थांबायला कोणी येऊ शकेल का?" खाली चाळीसेक मेसेज. कोण कधी जाणार याची यादी, डब्यांची यादी, घरी सोडल्याचा दिवस. सगळ्यांची नावं आहेत. मग फोनमधली सगळी जुनी रेकॉर्डिंग्ज शोधली. माझी आहेत, ढिगाने. सरांचं एकच सापडलं, तेही झूमचं, अकरा सेकंदांचं. त्यात डग्गा नाही.

तेव्हापासून चार गुरुवार गेलो. एक चुकला, पण फोन करून खरं कारण सांगितलं, आणि पुढच्या गुरुवारी रियाज न करता गेलो. बोलणी खाल्ली. खालच्या मजल्यावरच्या काकांना मी आता वाजवायची वेळ सांगून ठेवलीय. ते म्हणाले, "म्हणजे तेव्हाही फर्निचर नव्हतं होय!"

येत्या आठवड्यात मोठं रिलीज आहे. गुरुवारीच, संध्याकाळी सहाला. मॅनेजरला सोमवारी सांगायचंय. तो विचारेल, एवढं काय महत्त्वाचं आहे? काय सांगावं, ते अजून सुचलेलं नाही.