असेंब्लीची बोली आणि ऑब्जेक्ट फाइलचा साचा

इंटेलच्या 8086 घराण्यातील प्रोसेसरांसाठी असेंब्ली लिहिण्याच्या दोन पद्धती रुळल्या आहेत. पहिली इंटेलच्या पुस्तिकांमधली. मासम आणि नासम हे असेंब्लर तिच्या वळणाने जातात. दुसरी एटी अँड टीची. ती युनिक्सबरोबर आली आणि ग्नू असेंब्लर आजही तीच गृहीत धरतो. ईएएक्स रजिस्टरमध्ये 5 ठेवायचे, तर इंटेल पद्धतीत 'मूव्ह ईएएक्स, 5' असे लिहितात: आधी कुठे, मग काय. एटी अँड टीत हा क्रम उलटतो: 'मूव्हएल $5, %ईएएक्स'. रजिस्टरला टक्क्याचे चिन्ह, थेट आकड्याला डॉलर आणि सूचनेच्या शेवटी आकारमानाचे अक्षर. एका बाइटला बी, दोनला डब्ल्यू, चारला एल, आठला क्यू.

क्रमाची सवय लवकर होते. ठेच लागते ती बारीक चिन्हांना. डॉलर गाळला तरी असेंब्लर तक्रार करत नाही. तो 5 हा मेमरीतला पत्ता समजतो आणि लिनक्सवर प्रोग्रॅम त्या ओळीपाशी सेगमेंटेशन फॉल्टने कोसळतो. मासम आणि नासम एका वळणाचे असूनही त्यांचे जमत नाही. 'मूव्ह ईएएक्स, टोटल' म्हटले की मासम टोटलची किंमत आणतो, नासम तिचा पत्ता. किंमत हवी तर नासमला चौकटी कंस लागतात. पत्ता हवा तर मासमला 'ऑफसेट' हा शब्द.

हे सगळे फरक असेंब्लरपाशी संपतात. सुरुवातीच्या दोन्ही ओळींतून बी8 05 00 00 00 हेच पाच बाइट निघतात.

ऑब्जेक्ट फाइलचा साचा मात्र लिंकरपर्यंत सोबत जातो. लिनक्सवर एल्फ, विंडोजवर कॉफ, मॅकओएसवर माख-ओ. तिन्हींत यंत्रभाषेसोबत नावांची यादी असते आणि लिंकरने भरायच्या जागांची नोंदही. दुसऱ्या फाइलमधले फंक्शन बोलावताना ई8 या बाइटनंतर चार बाइटांत अंतर लिहायचे असते, पण असेंब्लरला ते ठाऊक नसते. शिवाय अंतर पुढच्या सूचनेपासून मोजायचे, म्हणून चार वजा करावे लागतात. 32 बिटी एल्फमध्ये हे उणे चार त्याच जागी लिहिलेले दिसतात: ई8 एफसी एफएफ एफएफ एफएफ. 64 बिटी एल्फमध्ये तिथे शून्ये असतात आणि उणे चार नोंदीत जातात. 64 बिटी कॉफमध्ये नोंदीच्या प्रकारातच ते गृहीत धरलेले असतात.

नावांचेही तसेच. सी भाषेतले 'मेन' मॅकओएसवर आणि 32 बिटी विंडोजवर '_मेन' होते. लिनक्सच्या एल्फमध्ये ते जसेच्या तसे राहते. ही अधोरेषा चुकली की लिंकर नाव सापडत नाही म्हणून थांबतो.

नासमला एका पर्यायाने साचा बदलायला सांगता येतो, पण त्याने काम पुरे होत नाही. 64 बिटी लिनक्सवर फंक्शनचा पहिला पूर्णांक आरडीआय रजिस्टरमध्ये जातो, विंडोजवर आरसीएक्समध्ये. हा करार ना बोलीत आहे ना साच्यात. तो मोडला तर असेंब्लर आणि लिंकर दोघेही गप्प राहतात. म्हणून एका प्रणालीवरचे असेंब्ली दुसरीकडे नेताना फंक्शनची प्रत्येक हाक हाताने तपासावी लागते.