अंगणातील खड्डे

पावसाळा सरला, की रत्नागिरीच्या आसपासच्या जुन्या कौलारू घरांतून अंगण करण्याची लगबग अजूनही दृष्टीस पडते. मुसळधार पावसाने धुपलेली जमीन खणावयाची, तांबडी माती पसरावयाची, ती भिजवून चोपण्याने चोपावयाची आणि सरतेशेवटी शेणाने सारवावयाची. घरातील लहानथोरांचे हात लागल्यावाचून हे काम तडीस जात नाही. असे अंगण सिद्ध झाले, म्हणजे तुळशीच्या लग्नाची निम्मी तयारी झालीच म्हणावयाची.

अशाच एका घरी अंगण होऊन दोन दिवस लोटले नाहीत, तोच त्यात तीन खड्डे पडले. हे काम मोत्याचे, हे कोणी सांगावयास नको होते; त्याच्या पंजांना आणि नाकाला माती लागलेलीच होती. आजीने कपाळाला हात लावला. आजोबांनी निकाल दिला, "तुळशीच्या लग्नापर्यंत याची खोड गेली नाही, तर याला खाडीपलीकडच्या वाडीत देऊन टाकावयाचा." मोत्याला पिल्लू असल्यापासून वाढविणाऱ्या नातवाच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याने प्रथम तेच केले, जे बहुतेक माणसे करतात. संध्याकाळी खेळून परतल्यावर नवा खड्डा दिसताच त्याने मोत्याला ओढत तेथे नेले, रागे भरला आणि एक चापट दिली. मोत्याने कान पाडले, शेपूट पायांत घातली.

"बघ आजी, त्याला आपली चूक कळली!" नातू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डा!

वस्तुतः मोत्याला कळला होता तो केवळ धन्याचा राग. दुपारी उकरलेल्या मातीचा संध्याकाळच्या चापटीशी संबंध जोडणे कुत्र्याला साधत नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की मालक रागावला म्हणजे कुत्रा अपराध्यासारखा दिसतो. मग त्याने मनाई केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो.

"अरे, तो केव्हा उकरतो, कुठे उकरतो, हे कधी पाहिलेस का?" आजीने विचारले. दिवाळीची सुट्टी होती. नातू पडवीत बसून राहिला आणि पाहू लागला.

पहिला खड्डा तुळशीवृंदावनापाशी होता. रोजच्या पाण्याने तेथील माती ओली राही. पाऊस गेल्यावरच्या दमट उकाड्यात, भर दुपारी मोत्या तेथे उकरी आणि खड्ड्यात पोट टेकून निजे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. म्हणून तो जीभ काढून धापा टाकतो आणि थंड जागा शोधतो. वरची माती तापली, तरी हातभर खाली ती गार असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरा खड्डा गडग्याच्या कडेला होता. तेथे मोत्या तिन्हीसांजेला कान टवकारून हुंगत उभा राही. नातवाने वाकून पाहिले, तो दगडांच्या फटीत घुशीचे बीळ!

तिसरा खड्डा लिंबाच्या झाडाखाली होता. पोट भरल्यावर उरलेला भाकरीचा तुकडा मोत्या तेथे पुरी आणि नाकाने माती लोटून झाकी. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातील प्राणी. हाती लागलेले अन्न पुरून ठेवावयाचे, ही त्या कुळाची जुनी रीत. कुत्री गालिच्यावर निजण्यापूर्वीसुद्धा गोल फिरून पंजांनी जमीन उकरतात, ही त्यांच्या रानटी पूर्वजांची सवय होय, असे चार्ल्स डार्विन याने १८७२ मध्ये लिहून ठेवले आहे.

माणसांचे जे अंगण, तेच मोत्याचा बिछाना, शिकारीचे रान आणि कोठार होते!

कारणे तीन, तेव्हा उपायही तीन झाले. घरामागे झापांची सावली करून तेथे पाण्याचे पसरट भांडे ठेवले. गडग्यालगतचा नारळाच्या सोडणांचा ढीग हलविला आणि बीळ दगडांनी घट्ट बुजविले. परसात सावलीला एक खड्डा खणून त्यात वाळू भरली, तीत भाकरीचे तुकडे पुरले आणि मोत्याने ते उकरताच त्याला शाबासकी दिली. अंगणात पंजा उचललेला दिसला, की त्याच क्षणी "नको!" म्हणून त्याला वाळूकडे न्यावयाचे, असा नेम ठेवला. शिवाय सकाळ-संध्याकाळ त्याला समुद्रावर फिरावयास नेले. कारण रिकामे बसलेले कुत्रेही कंटाळून उकरू लागते.

खड्डे कमी होत गेले. तथापि लग्नाच्या आदल्याच दुपारी तुळशीपाशी एक लहानसा खड्डा पडला. आजोबा तो पाहत उभे राहिले. नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. आजीने मुकाट्याने शेणमाती आणली, खड्डा लिंपला आणि त्यावरून हात फिरवीत ती म्हणाली, "एवढ्या देखण्या अंगणाला एक गालबोट हवेच होते."

आजोबा हसले. खाडीपलीकडची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी तुळशीचे लग्न लागले. आंतरपाटाकडे पाठ करून मोत्या घरामागे वाळूत पोट टेकून गाढ झोपला होता.